सातच्या जागी चार

दर उन्हाळ्यात निकाल लागले की इंदोऱ्यातल्या आमच्या घरासमोर चपलांची गर्दी होते. वस्तीत कम्प्युटरच्या खात्यात नोकरीला लागलेली पहिली बाई मी, म्हणून सगळे सल्ला मागायला माझ्याकडेच येतात. "शांताताई, पोरीले कोणता कोर्स लावू?" हातात कुठल्या तरी नव्या क्लासचं माहितीपत्रक असतं. सहा महिन्यांचा डिप्लोमा, वर्षाचा मोठा डिप्लोमा आणि शेवटी सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट. असला एक क्लास मी स्वतः जाऊन पाहिला. विद्यार्थी तीस आणि कम्प्युटर एक, तोही पांघरूण घालून ठेवलेला. का झाकलाय म्हणून विचारलं तर मास्तर म्हणाले, धूळ बसते.

मी सगळ्यांना एकच सांगते. ज्या क्लासात पोरीला स्वतःची चूक स्वतः शोधायला लावतात, तिथे घाला. लोकांचं तोंड उतरतं. त्यांना क्लासचं नाव हवं असतं. एके काळी मीही असला सल्ला फाडफाड द्यायची. त्यातला एक सिंधू नावाच्या मुलीला दिला होता. त्याचं काय झालं ते आजवर चारचौघांत कधी सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी नोकरी सोडली, आता कुणाचा धाक नाही, म्हणून लिहिते.

आधी धंदा समजावून सांगते, कारण तो आता बुडाला. माझे बाबा कापड गिरणीत मागावर होते. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा मी बारा वर्षांची होते, आणि त्याच वर्षी त्यांनी ठरवून टाकलं की पोरगी मास्तरीण होणार. मी मॅट्रिक झाले, इंग्रजी टायपिंगचं सर्टिफिकेट मिळवलं, काही वर्षं एका वकिलाकडे टायपिंग केलं, आणि मग एक जाहिरात पाहिली. "पंच ऑपरेटर पाहिजेत." पंच म्हणजे काय ते आमच्या अख्ख्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. बाबांनी गिरणीतल्या टाइमकीपरला विचारलं. तो म्हणाला, मशीनवरचं काम आहे. बाबा हबकलेच.

"मी जन्मभर मशीन चालवली," ते म्हणाले, "आन् पोरगीबी मशीनवरच? मंग शिकली काहून?"

मी रुजू झाले त्या दिवशी ते सायकलवर मला सोडायला आले. मे महिना होता. आमच्या खोलीला मोठी काच होती, तिच्यातून त्यांनी आत पाहिलं. आत बारा मुली स्वेटर घालून बसल्या होत्या. शेजारच्या खोलीत कम्प्युटर होता, त्याला गरमी सोसत नाही म्हणून सगळा मजला थंड ठेवलेला. बाबा बराच वेळ काचेला नाक लावून उभे राहिले. "बाहेर मानसं उन्हानं मरून राहिली, आन् इथं मशीनसाठी हिवाळा करून ठेवला," असं म्हणून ते निघून गेले. संध्याकाळी त्यांनी आईचा शालीचा तुकडा माझ्या डब्याच्या पिशवीत घालून ठेवला. मास्तरणीचा विषय त्यानंतर निघाला नाही.

तेव्हा कम्प्युटरला माणसासारखं काही वाचता यायचं नाही. त्याला जाड कागदाची कार्डं लागायची आणि त्या कार्डांत भोकं. कोणत्या रांगेत कुठे भोक, त्यावरून त्याला आकडा कळायचा. परीक्षेचे गुण असोत, विजेची बिलं असोत, आधी सगळं कार्डावर उतरवायचं. ते काम पंच ऑपरेटरचं. समोर कागद, उजव्या हाताखाली बटणं. एक-दोन-तीन वरच्या ओळीत, त्याखाली चार-पाच-सहा, त्याखाली सात-आठ-नऊ. नजर कागदावरून हलवायची नाही आणि वाचायचंही नाही. आमच्या साहेबांचं, घाटे साहेबांचं, हेच पालुपद असायचं. "बाई, वाचलं की स्पीड गेला. डोळ्यातून थेट बोटात जाऊ द्या." ते आम्हाला जमलं. दिवसभरात हजारो आकडे बोटांतून जायचे आणि संध्याकाळी एकही आठवायचा नाही. याचा आम्हाला भारी तोरा होता.

एकदा भोक पडलं की पडलं, खोडरबर नाही. चूक कळली तर ते कार्ड फेकून नवं मारायचं. म्हणून तपासणी होती. पंच केलेली कार्डं दुसऱ्या मशीनवर जायची, तिला व्हेरिफायर म्हणत. तिथे दुसरी बाई तोच कागद समोर ठेवून तेच आकडे पुन्हा मारायची. भोकं नवी पडायची नाहीत, मशीन फक्त ताडून पाहायचं. जुळलं तर कार्डाच्या उजव्या कडेला एक छोटी खाच पडायची, म्हणजे कार्ड पास. नाही जुळलं तर लाल दिवा लागायचा आणि मशीन अडून बसायचं. तपासणारीचंही बोट चुकू शकतं, म्हणून मशीन तीन संधी द्यायचं. तिसऱ्यांदाही जुळलं नाही, तर त्या आकड्याच्या डोक्यावर खाच पडून कार्ड बाद. बाद कार्ड पंच करणारीच्या नावावर चुकांच्या रजिस्टरात चढायचं. नवीन मुलगी सहा महिने तात्पुरती असायची. रजिस्टर चांगलं तर कायम, नाही तर घरी.

पहिल्या आठवड्यातच माझी पाचावर धारण बसली होती. माझी कार्डं विमलताई तपासायच्या, खोलीतल्या सगळ्यांत जुन्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा लाल दिवा लागला. मी मान वळवून बघते तर त्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि दुसरं बटण दाबलं. दिवा विझला. जेवणाच्या सुट्टीत त्या हळूच म्हणाल्या, "शांते, तू आठच्या जागी पाच मारला होतास. मीही पाच मारला. मशीनला काय, दोघींचं जुळलं म्हणजे झालं."

मी म्हटलं, "पण मग चूक तशीच गेली ना?"

"एक आकडा वं. कोणाचा जीव चालला?" त्या म्हणाल्या. "तू तपासणीला बसशील तेव्हा दुसरीला सांभाळून घे."

याला आमच्या खोलीत सांभाळून घेणं म्हणायचे. घाटे साहेबांना पत्ता नव्हता, कारण कार्डाला रीतसर पास झाल्याची खाच असायची. कोणती बाई कुठे घसरते हे तपासणारीला पाठ असायचं. लाल दिवा लागला की दुसऱ्या संधीत नेमकं तिने काय मारलं असेल तेच मारायचं. मी पुढे तपासणीला बसले आणि त्यात इतकी तरबेज झाले की दिवा लागला न लागला तोच विझायचा. तेव्हा मला ती माया वाटायची.

सिंधू भिवापूरची. वडिलांचं मिरचीचं शेत, पाच बहिणींत ही तिसरी. इतवारीत भांड्याच्या बाजारामागे मावशीकडे राहून मॅट्रिक झालेली, टायपिंग येत होतं. कुणाच्या तरी ओळखीने एका रविवारी माझ्याकडे आली. डी.एड.चा अर्ज भरलेला होता, हातात धरून बसली.

"ताई, बाबा मनतात मास्तरीण हो. मावशी मनते टायपिस्ट हो, कचेरीत लग्न जमते. तुमी सांगा, मी काय करू?"

मी अगदी थाटात सांगितलं. मास्तरणी गल्लोगल्ली आहेत. टायपिस्ट जन्मभर दुसऱ्याची पत्रं मारते. पुढचे दिवस कम्प्युटरचे आहेत. पंचिंगला लाग, कायम हो, मग खात्याची प्रोग्रामिंगची परीक्षा दे. पास झालीस तर पुण्याला सहा महिन्यांचं शिक्षण, सर्टिफिकेट, आणि मग तू कार्डाला भोकं पाडणार नाहीस, मशीनला हुकूम देशील. मी स्वतः ती परीक्षा दिली नव्हती. वय उलटलं, घर मागे लागलं. आपण चढलो नाही त्या जिन्याची तारीफ जरा जास्तच करतो माणूस. सिंधूने डी.एड.चा अर्ज तिथेच चार घड्या करून पर्समध्ये ठेवला.

ती लागली आणि माझ्याच शेजारी बसली. ती पंचला, मी तपासणीला. मुलगी डोक्याने तल्लख, पण उजव्या हाताची पहिली दोन बोटं लहानपणी मिरच्यांचे देठ मोडून मोडून जरा आखडलेली. सातवर जायचं तेव्हा बोट वरच्या चारवरच राहायचं. रोज दोन-तीन वेळा तरी व्हायचं. सातच्या जागी चार. सहा महिने मी तिचे दिवे विझवले. तिचं रजिस्टर असं स्वच्छ राहिलं की घाटे साहेबांनी सगळ्यांसमोर वाखाणलं, आणि ती कायम झाली.

मग दोन वर्षं तिने प्रोग्रामिंगच्या परीक्षेचा ध्यास घेतला. जेवणाच्या सुट्टीत आम्ही लोणच्याच्या फोडी मोजत असायचो आणि ही फेकलेल्या कार्डांच्या पाठीवर गणितं सोडवत बसायची. दरम्यान भिवापूरहून स्थळं यायला लागली होती. वडिलांनी मुदत घातली, परीक्षा झाली तर पुण्याला जा, नाही झाली तर लग्न. "एकच डाव हाय ताई," ती म्हणायची. परीक्षेला कायम झालेल्या आणि स्वच्छ रजिस्टर असलेल्या कर्मचाऱ्यालाच बसता यायचं. इतरही कचेऱ्यांतून लोक आले होते. पेपर देऊन आली ती सरळ माझ्या टेबलाशी. म्हणाली, "सत्तरच्या खाली नाई येत." साठला पास होतं.

गुणांची कार्डं करायचं काम आमच्याच खोलीत आलं. यादीवर नावं नव्हती, नुसते कोडनंबर आणि समोर गुण. कुणाचं काय ते फक्त घाटे साहेबांच्या कपाटातल्या बंद पाकिटाला माहीत. त्यामुळे कुणी पंच केलं तरी चालेल असं ठरलं. यादी लांबलचक नव्हती, अर्ध्या तासाचं काम. सिंधूने पंच केलं, मी तपासलं, कम्प्युटरने निकाल छापला, साहेबांनी पाकिटातून नंबरांपुढे नावं जुळवली. पास झालेल्यांत सिंधूचं नाव नव्हतं.

ती रडली नाही. निकालाचा कागद भिंतीवर लावला होता, त्यासमोर उभी राहून तिने तो वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. आमच्या खोलीत वाचायची सवय नव्हती, ती वाचत होती. मग जागेवर येऊन तिने दिवसाचं काम पुरं केलं. त्या दिवशी तिच्या कार्डांत एकही लाल दिवा लागला नाही.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या कचेरीतल्या एका नापास कारकुनाने फेरतपासणीचा अर्ज केला. घाटे साहेबांनी कार्डांचा गठ्ठा आणि यादी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, हातासरशी सगळंच ताडून टाका. मी पहिल्यांदाच ती यादी बोटांनी नाही तर डोळ्यांनी वाचत होते. कारकुनाचे गुण बरोबर होते, तो खराच नापास होता. त्याच्यापुढची सात-आठ कार्डं उलटली आणि एका कार्डावर थांबले. यादीत चौऱ्याहत्तर, कार्डावर चव्वेचाळीस. सातच्या जागी चार. उजव्या कडेला माझी पास केल्याची खाच.

आधी मला एवढंच वाटलं की सापडले. भीती होती ती नोकरीची. लाल दिवा लागला असणारच. मी तो विझवला असणारच. आणि मला तो क्षण आठवेना. डोकं कितीही खाजवलं तरी आठवेना. कुणाचे तरी तीस गुण मी पापणी लवायच्या आत मारून टाकले होते आणि माझ्या डोक्यात त्याची नोंदही नव्हती.

मी कार्ड घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी कार्ड पाहिलं, खाच पाहिली. "बाई, लाल दिवा नाही लागला?"

मी खोटं बोलणार होते. मशीन बिघडलं असेल असं ओठांवर आलं होतं. पण तोंडातून निघालं ते खरं. विमलताईंचं नाव तेवढं घेतलं नाही, बाकी सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग कपाट उघडून बंद पाकीट काढलं, कोडनंबर शोधला, आणि कागद माझ्याकडे वळवला. मी नाव वाचलं. सिंधूचं होतं.

कानात नुसतं मशीनचं टकटक चाललं होतं. मी म्हटलं, "साहेब, आता दुरुस्त करा. कार्ड नवं मारते, पाच मिनिटांचं काम आहे."

"कार्ड नवं माराल," ते म्हणाले, "पण कारण काय लिहू? तुम्ही सांगितलं ते लिहिलं तर पहिला प्रश्न येईल, हे किती वर्षं चाललंय. रजिस्टर खोटं ठरेल. रजिस्टर खोटं तर सिंधूबाई कायम कशा झाल्या? कायम नाहीत तर परीक्षेला कशा बसल्या? चौऱ्याहत्तर पडूनही त्या नापासच होऊन राहिल्या बाई, आणि वरून नोकरी जाईल. तुमची, माझी, अर्ध्या खोलीची."

मी कितीदा तरी ते उलटंसुलटं करून पाहिलं. त्यातून वाट नव्हती. चूक मी लपवली म्हणून ती नापास, आणि चूक सांगितली तर आधी लपवलेल्या सगळ्या चुका मिळून तिला नापास करणार. साहेबांनी यादी बंद केली. "कारकुनाला कळवतो, गुण बरोबर आहेत," एवढंच म्हणाले. मी गठ्ठा बांधून परत दिला. ते कार्ड मात्र परत ठेवलं नाही. साडीच्या निरीत खोचून घरी आणलं.

सिंधूला मी सांगितलं नाही. दोन महिन्यांनी तिने राजीनामा दिला, भिवापूरला लग्न झालं. मला पत्रिका आली, गेले नाही. त्यानंतर मात्र मी एकही लाल दिवा विझवला नाही. तीनदा मारायची आणि कार्ड बाद करायची. मुली मला खडूस म्हणायच्या, एकीने तर घाटे साहेबांकडे बदली मागितली. मी रस्त्याने जाताना माणसं बघायची आणि मनात यायचं, हिचं बिल, याचे गुण, कुणाकुणाचं काय काय माझ्या हाताखालून चुकीचं गेलं असेल. इतक्या वर्षांची कार्डं कुठून आणून तपासणार होते?

पुढे कार्डं गेली, टीव्हीसारखे पडदे आले, व्हेरिफायर मशीनं भंगारात निघाली. ती टेम्पोत चढताना पाहिली आणि मला राहवेना. दुसऱ्या रविवारी एसटीने भिवापूरला गेले.

सिंधू अंगणात मिरच्यांच्या ढिगाजवळ बसली होती. दोन मुली, सासू, आणि ती. मला पाहून उठली, हात पदराला पुसले, "ताई, याद आली वं आमची," म्हणाली आणि चहा टाकायला गेली. मी आत तिच्या मागोमाग गेले आणि चुलीजवळ उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चौऱ्याहत्तर, चव्वेचाळीस, लाल दिवा, साहेब. मग ते कार्ड तिच्या हातात दिलं.

तिने ते खिडकीच्या उजेडात धरलं. पंचवाल्या बायांना भोकं वाचता येतात, ती इतक्या वर्षांनीही विसरली नव्हती. दोन भोकं एकाच रांगेत, चार आणि चार. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. ती मला बोलेल, हाकलून देईल, असं वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मले मालूम होतं ताई," ती म्हणाली.

मला वाटलं, साहेबांनी सांगितलं असेल.

"तसं नाई. हे माह्यं हाय हे आज समजलं. पन सात माराले गेली आन् चार लागला, हे मले तवाच समजलं होतं. बोटाले समजते ना. कार्ड फेकाले हात उचललाबी होता." तिने कार्ड उलटं केलं, सुलटं केलं. "मंग म्हटलं, असतीन कोनाचे तरी. ताई घेईन सांभाळून."

चहा उतू गेला. तिने भांडं खाली उतरवलं, राहिलेला चहा दोन कपांत सारखा ओतला आणि एक माझ्या हातात दिला.